कामाचे पृथक्करण : कोणी, कसे आणि कोणासाठी



पत्रिकेत माझ्या विषयाचे नाव जरा भारदस्त छापले गेले आहे. 'व्यवसाय-विश्लेषण' हा शब्द वाचून पुष्कळांना वाटले असेल, की हा जमाखर्चाचा नाही तर शेअरबाजाराचा मामला असावा. तसे काही नाही. एखादे काम कारखान्यात किंवा कचेरीत कोणत्या वाटेने जाते, त्या वाटेवर ते कोठे अडते, कोणाच्या टेबलावर पडून राहते, कोणत्या वळणावर विनाकारण दोनदा तपासले जाते, हे पाहावयाचे, कागदावर काढावयाचे आणि मग ती वाट सरळ करावयाची, एवढाच या विद्येचा गाभा आहे. आज तिला 'बिझनेस ॲनालिसिस' म्हणतात. ती शिकवणारे वर्ग आहेत, तिच्या परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. कॅनडातल्या टोरांटो शहरी २००३ साली या धंद्याची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवून कंपनीत येणारे सल्लागार याच विद्येवर पोट भरतात.

मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. ही मंडळी दारात आली, की कारखान्यात दोन मते चटकन तयार होतात. खात्यात म्हणतात, "आले माणसे कमी करायला." केबिनमध्ये म्हणतात, "आता सगळे सुतासारखे सरळ होणार." दोन्ही मते काही न पाहता बनलेली असतात. ही विद्या काय आहे, ती कोठून आली, तिने कोणाचे भले केले आणि कोणाचे नुकसान, हे आपण नागरिकांनी समजून घेतले पाहिजे. कारण आता ती कारखान्याच्या फाटकाआड राहिलेली नाही. बँकेत, इस्पितळात, नगरपालिकेत, सगळीकडे ती शिरली आहे.

घरच्या लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. आचारी घामाघूम झाला आहे. वाढपी धावत आहेत. यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरत आहेत. आणि पानावर बसलेला माणूस मात्र भातावर वरण पडूनही तुपाची वाट पाहत बसला आहे, कारण तुपाचे भांडे एकच आणि ते पलीकडच्या पंगतीत गेले आहे. येथे आळशी कोण? कोणीच नाही. प्रत्येकजण घाईत आहे आणि पान मात्र थांबलेले आहे. आता आचाऱ्याला 'लवकर कर' म्हटले तर भात आणखी लवकर येईल आणि आणखी लवकर गार होईल. दोष माणसात नाही, दोष तुपाच्या वाटेत आहे. कामाकडे करणाऱ्याच्या बाजूने न पाहता पानाच्या बाजूने पाहणे, हा या विद्येचा पहिला धडा. तो लग्नघरातल्या एखाद्या जाणत्या मावशीला कोणी न शिकवता येतो आणि मोठ्या कंपन्यांना तो शिकायला वर्षे लागतात.

फोर्ड मोटार कंपनीचे उदाहरण या शास्त्रात फार गाजलेले आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या कंपनीच्या अमेरिकेतील देणी चुकवण्याच्या खात्यात पाचशेहून अधिक माणसे कामाला होती. माल पुरवणाऱ्यांची बिले तपासून पैसे देणे, एवढेच त्यांचे काम. संगणक आणून वीस टक्के माणसे कमी करावी, म्हणजे चारशेत भागेल, असा बेत ठरला. तेवढ्यात त्यांनी जपानच्या मझदा कंपनीकडे नजर टाकली, त्या कंपनीत फोर्डचा हिस्सा होता. मझदाकडे याच कामाला होती पाच माणसे. मझदा लहान कंपनी, हे खरे. पण त्याची सूट दिली तरी पाचशे आणि पाच यांचा मेळ बसेना.

मग वाट तपासली. खरेदीखाते मालाची ऑर्डर काढी आणि तिची नक्कल देणीखात्याला पाठवी. माल आला की गोदामवाला पोचपावती पाठवी. पुरवठादार आपले बिल पाठवी. देणीखात्यातल्या कारकुनाने हे तीन कागद समोर मांडून चौदा बाबी जुळवावयाच्या, सगळ्या जुळल्या तर पैसे द्यावयाचे. जुळले तर काम मिनिटांचे. पण ऑर्डरीत एक संख्या, पावतीत दुसरी, बिलात तिसरी, असे झाले की पत्रव्यवहार सुरू. पाचशे माणसांचा बहुतेक दिवस या न जुळणाऱ्या कागदांच्या पाठीमागे धावण्यात जाई. तोडगा निघाला तो असा, की बिल ही वस्तूच रद्द करावयाची. ऑर्डर संगणकात नोंदवलेली. माल दारात आला की गोदामवाल्याने तेथेच पाहावयाचे. ऑर्डरीप्रमाणे असेल तर ठेवून घ्यावा, नसेल तर परत पाठवावा. ठेवून घेतला की पैसे आपोआप निघतील. चौदांच्या जागी तीन बाबी उरल्या. माणसे पंचाहत्तर टक्के कमी झाली.

ही हकिकत मायकेल हॅमर नावाच्या गृहस्थांनी १९९० साली लिहिली आणि तिच्यावरून 'री-इंजिनिअरिंग' नावाची एक लाट जगभर गेली. हॅमर पूर्वी एमआयटीत संगणकशास्त्र शिकवीत. त्यांचे म्हणणे, वेडीवाकडी पायवाट आहे तिच्यावरच डांबर ओतू नका, आधी वाट बदला. म्हणणे बिनतोड आहे. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आधी कागदाचा फॉर्म होता तो आता संगणकावर भरावा लागतो आणि भरून झाल्यावर त्याची छापील प्रत तीन झेरॉक्सांसह खिडकीवर द्यावी लागते, हे ज्याने सोसले आहे त्याला हॅमरसाहेब चटकन पटतील.

पण या गोष्टीतल्या पंचाहत्तर टक्के माणसांचे पुढे काय झाले, याविषयी ती सांगणारे फारसे बोलत नाहीत. चुकीची वाट त्या कारकुनांनी आखलेली नव्हती. ते तर त्या वाटेवरचे खड्डे रोज हातांनी भरीत होते. वाट सुधारली आणि खड्डे भरणारे घरी गेले. ही लाट एवढी माजली, की 'री-इंजिनिअरिंग' म्हणजे नोकरकपात असाच अर्थ लोक घेऊ लागले. १९९६ साली खुद्द हॅमर यांनीच वॉल स्ट्रीट जर्नलपाशी कबूल केले, की इंजिनिअरच्या चष्म्यातून पाहताना माणसांच्या बाजूचा आपण पुरेसा विचार केला नव्हता. कबुली प्रामाणिक होती, उशिरा आली एवढेच.

या विद्येचे मूळ मात्र शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर होऊन गेला. जन्म १८५६, मृत्यू १९१५. पोलादाच्या कारखान्यात हाताने काम करीत तो वर चढला होता, म्हणून कामगार कोठे हात राखून काम करतात हे त्याला आतून ठाऊक होते. ते तसे का करतात, हेही त्याला ठाऊक होते. नगावर मजुरी ठरलेली असे, कामगाराने जोर करून जास्त नग काढले की मालक दर कापी. जास्त घाम आणि पैसा तेवढाच. मग शहाणा कामगार घाम राखून ठेवी. टेलरने म्हटले, दर अंदाजाने ठरवू नका, घड्याळ लावून ठरवा आणि ठरला की कापू नका. यातला पहिला अर्धा भाग मालकांनी आनंदाने घेतला, दुसरा अर्धा विसरले.

बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९ साली त्याने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ब्याण्णव पौंडांचे कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलून फळीवरून चढत जाऊन वाघिणीत टाकावयाचे. दिवसाला माणशी साडेबारा टन माल जाई. टेलरने हेन्री नोल नावाचा एक मजूर निवडला, आपल्या पुस्तकात त्याला 'श्मिट' असे नाव दिले आणि केव्हा उचलावयाचे, केव्हा बसावयाचे हे शेजारी उभे राहून सांगवून त्याच्याकडून दिवसाला साडेसत्तेचाळीस टन काढून घेतले. रोज होता १ डॉलर १५ सेंट, तो झाला १ डॉलर ८५ सेंट. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. हा त्रैराशिकाचा हिशोब कोणत्याही गिरणीकामगाराला पाटीपेन्सिलीवाचून येतो. शिवाय त्या गटातल्या आठांपैकी एखाद्यालाच हे झेपत असे, हे टेलरनेच लिहून ठेवले आहे. उरलेल्या सातांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्या शास्त्रात बसत नव्हता.

त्याच टेलरने फावड्यांचा अभ्यास केला तो मात्र मला आवडतो. एकाच फावड्याने हलका कोळसाही उपसायचा आणि जड खनिजही, अशी पद्धत होती. त्याने माणसाच्या पाठीला झेपणारे माप काढले, दर खेपेला सुमारे एकवीस पौंड. हलक्या मालाला मोठे फावडे आणि जड मालाला लहान, अशी वेगवेगळी फावडी त्याने कारखान्याच्या खर्चाने ठेवली. यात माणसाला जास्त पळवलेले नाही, त्याच्या हातात बरे हत्यार दिले आहे. पृथक्करणाच्या या दोन जाती आपण मनात वेगळ्या ठेवाव्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हीकडे एक माणूस वही घेऊन उभा असतो.

१९११ च्या ऑगस्टात मॅसॅच्युसेट्स संस्थानातील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांपुढे असाच वहीवाला घड्याळ घेऊन उभा राहिला. एका कामगाराने त्या नजरेखाली काम करायला नकार दिला. त्याला काढून टाकले. बाकीचे सगळे हत्यारे ठेवून बाहेर पडले. संप थोडे दिवसच चालला, पण त्यातून काँग्रेसची चौकशी समिती बसली, खुद्द टेलरची तीत साक्ष झाली आणि १९१५ पासून सरकारी खर्चाच्या मंजुरीत अशी अट पडू लागली, की या पैशातून कोणाच्या कामावर घड्याळ लावू नये. ती अट १९४९ पर्यंत टिकली. घड्याळ निर्जीव वस्तू आहे, तिच्यावर एवढा राग का, असे पुष्कळ शिकलेले लोक विचारतात. राग घड्याळावर नसतो. आपल्याविषयी काहीतरी लिहिले जात आहे, ते आपल्याला वाचायला मिळणार नाही आणि त्यावरून आपली भाकरी ठरणार आहे, या गोष्टीचा तो असतो.

टेलरच्याच काळात फ्रँक गिलब्रेथ हा विटा रचणारा गवंडी पुढे कंत्राटदार झाला. त्याची पत्नी लिलियन मानसशास्त्राची पंडिता. या जोडप्याने घड्याळापेक्षा हालचालीकडे पाहिले. एक वीट बसवायला गवंडी अठरा हालचाली करी. त्यातली सर्वांत कष्टाची कोणती? प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकणे. विटेचे वजन ते किती, पण प्रत्येक वेळी गवंडी स्वतःच्या सगळ्या धडाचे वजन खाली नेई आणि वर आणी. गिलब्रेथने वरखाली होणारी पराती केली, विटा कमरेच्या उंचीवर आल्या आणि हालचाली साडेचारावर उतरल्या. तासाला एकशेवीस विटांच्या जागी साडेतीनशे विटा बसू लागल्या, आणि पाठ वाचली ती वेगळीच. १९२१ साली अमेरिकेतल्या यंत्र-इंजिनिअरांच्या सभेपुढे गिलब्रेथने कामाची वाट कागदावर काढण्याची पद्धत मांडली. पुढे त्या तक्त्याच्या पाच खुणा रूढ झाल्या : काम होते तेथे वर्तुळ, माल हलतो तेथे बाण, तपासणीला चौकोन, खोळंब्याला इंग्रजी 'डी' अक्षर आणि साठवणीला उलटा त्रिकोण. आजचे विश्लेषक पडद्यावर जी रंगीत चित्रे काढतात ती याच पाच खुणांची पतवंडे आहेत. कोणताही तक्ता हाती घ्या आणि वर्तुळे मोजा. फार थोडी निघतील. बाकी सगळा बाण, 'डी' आणि त्रिकोण यांचा सुळसुळाट. गिऱ्हाईक पैसे मोजते ते वर्तुळाचे.

आपल्या मुंबईला या विद्येची ओळख झाली ती मात्र कडू. १९२८ साली गिरणीमालकांनी 'एफिशियन्सी'च्या योजना काढल्या. विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवावे, कताईखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्या, हा त्यांचा सारांश. त्या वर्षीच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांचा संप चालला. ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखी वेगवेगळ्या मतांची माणसे एका संयुक्त समितीत बसली. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांची चौकशी समिती नेमली गेली. कामगार 'नवे नको' म्हणून हटून बसले होते, असे या संपाविषयी कधीकधी लिहिले जाते. ते अपुरे आहे. तीन साचे चालतात की नाही हे सुतावर अवलंबून असते. सूत चांगले, कापूस चांगला, हवेत दमटपणा बेताचा, तर तीनच काय चारही चालतील. सूत तुटके असेल तर दोनाच्याच तारा जोडता जोडता विणकराची कंबर मोडते. म्हणजे वाटेचा दोष कापसाच्या खरेदीत आणि सुधारणा मागावयाची विणकराकडे! पृथक्करण पुरे केले नाही, की हे असे होते. ते नेहमी अशा माणसापाशी येऊन थांबते ज्याला पुढे ढकलायला कोणी उरलेले नाही.

याच्या उलट अनुभव अहमदाबादचा. कॅलिको गिरणीच्या समूहात नवे स्वयंचलित साचे बसवले, तरी उत्पादन वाढेना आणि खराब कापडही कमी होईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे सल्लागार म्हणून आले. एका शेडमध्ये दोनशे चोवीस साचे आणि एकोणतीस कामगार. कामाचे बारा प्रकार पाडलेले. विणकराकडे चोवीस किंवा बत्तीस साचे, बॉबिनी भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास, तुटलेली तार सांधणाऱ्याकडे सत्तरेक. साहजिकच एका विणकराला दोन-दोन भरणारे आणि एका भरणाऱ्याला कितीतरी विणकर. आपला माणूस कोण, हेच कोणाला ठाऊक नाही. राइस यांनी कोणालाही पळवले नाही. चौसष्ट साच्यांचा एक संच आणि त्यावर सात जणांची टोळी, अशी कल्पना त्यांनी बोलण्यात मांडली मात्र, कामगारांनी आणि मुकादमांनी ती उचलली आणि टोळ्या कोणी कोणाबरोबर करावयाच्या हे आपापसांत ठरवूनही टाकले. उत्पादन चढले, खराब माल घटला. पुढे १९७० साली त्याच संस्थेच्या एरिक मिलर यांनी परत जाऊन पाहिले तेव्हा एका शेडमध्ये टोळ्यांची पद्धत टिकून होती, दुसरीकडे ती बरीचशी विरून गेली होती. सुधारणा एकदा केली की कायमची झाली, असे या धंद्यात होत नसते. सल्लागार मात्र आपले बिल पहिल्याच वर्षी घेतात, हे ओघाओघाने सांगून ठेवतो.

जपानच्या टोयोटा कंपनीचे नाव काढल्यावाचून आज या विषयावर कोणी बोलत नाही. तैइची ओहनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त बनवणे, वाट पाहणे, माल हलवणे, नको ती प्रक्रिया, साठा, हातापायांची फुकट हालचाल आणि बिघडलेला नग. दोष दिसला तर कामगाराने दोरी ओढून सगळी ओळ थांबवावी, ही तेथलीच रीत. आपल्याकडे या सात प्रकारांचे रंगीत फलक शेकडो कारखान्यांत लागले आहेत. दोरी मात्र क्वचितच दिसते. आणि दोरीच्या आधीचा इतिहास तर फलकावर नसतोच. १९५० साली टोयोटात मोठा झगडा झाला. कंपनी बुडण्याच्या बेतात होती, सुमारे दोन हजार माणसे गेली आणि त्याची जबाबदारी घेऊन अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. माणसे गेली तशी खुर्चीही गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर १९५१ साली कामगारांच्या सूचना घेण्याची पद्धत निघाली आणि १९६२ साली संघटना आणि कंपनी यांनी परस्पर विश्वासाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सूचनांचा जो पूर पुढे आला तो या जमिनीवर आला. उद्या माझ्याच सूचनेने माझी जागा जाणार असेल, तर मी सूचना का करीन? ती पेटी रिकामी राहते आणि साहेब म्हणतात, आपल्या माणसांत कल्पकताच नाही.

हे जाणणारा एक माणूस आमच्याच जातकुळीचा होता. जोसेफ स्कॅनलन हा अमेरिकेतल्या ओहायो संस्थानात एका डबघाईला आलेल्या पोलाद कारखान्यातला संघटनेचा अध्यक्ष. १९३८ च्या सुमारास त्याने असे ठरवले, की कामगारांनी खर्च वाचवण्याच्या सूचना द्याव्या, त्या खात्याखात्यांतल्या संयुक्त समितीने तपासाव्या आणि मजुरीखर्चात जी बचत होईल तिचा वाटा दर महिन्याला सर्वांना मिळावा, एकट्या सूचना देणाऱ्याला नव्हे. पुढे पुष्कळ ठिकाणी हा कामगारांचा वाटा बचतीच्या तीन चतुर्थांश असे. १९४६ साली एमआयटीने या माणसाला शिकवायला बोलावले. संघटनेचा माणूस विद्यापीठात उत्पादनावर व्याख्याने देतो, ही गोष्ट मी आमच्या कार्यकर्त्यांच्या वर्गात आवर्जून सांगतो. तेवढीच त्यांची मान ताठ होते.

आता प्रत्यक्ष खात्यात हे कसे घडते, याचा एक दाखला. नाव सांगत नाही. एका औद्योगिक वसाहतीतला सुटे भाग बनवणारा कारखाना एवढे पुरे. उत्पादन कमी पडते म्हणून सल्लागार आले. त्यांनी लेथवरच्या कामगारांचे मिनिट-सेकंद टिपले आणि अहवाल दिला, की यंत्रे फार वेळ उभी असतात, सबब कामगारांवर देखरेख वाढवावी. यंत्रे उभी होती हे खरे. ती का उभी होती, हे अहवालात नव्हते. ते ठाऊक होते ट्रॉली ढकलणाऱ्या हेल्परला. तो कंत्राटी असल्यामुळे सल्लागारांच्या यादीत नव्हता आणि कंपनीच्या पटावरही नव्हता. त्याने सांगितले, की कटिंगची टिप झिजली की नवी आणायला चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर सुपरवायझर, प्लॅनिंग आणि स्टोअर अशा तीन सह्या लागतात आणि प्लॅनिंगची कचेरी दुसऱ्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. तीन सह्या का? कोणे एके काळी टिपा चोरीला गेल्या होत्या. चोर नोकरी सोडून गेला, सह्या राहिल्या. आम्ही त्या चिठ्ठीची वाट पाच खुणांनी कागदावर काढून चर्चेच्या टेबलावर ठेवली. वर्तुळ एक होते, बाण आणि 'डी' यांनी पान भरले होते. सह्या तीनांवरून एकीवर आल्या. चिठ्ठ्या सांभाळणारे दोन कारकून जादा ठरले, त्यांना त्याच पगारावर तपासणीखात्यात घ्यावे हे आधी लिहून घेतले होते, म्हणून ते राहिले. हेल्पर मात्र कंत्राट बदलले तेव्हा गेला. त्याच्यासाठी लिहून घ्यायला कायद्याने आम्हांला टेबलावर जागा नव्हती.

हे काम शिकता येते आणि ते कामगारानेही शिकले पाहिजे, असे माझे मत आहे. आपल्या देशात यासाठी थोडी व्यवस्था झालेली आहे. १९५२ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे उत्पादकता-मंडळ भारतात आले आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत त्याने काम केले. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद निघाली. १९६३ साली पवईजवळ विहार तलावाकाठी 'निटी' ही संस्था निघाली, ती २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. १९५८ सालीच कामगार-शिक्षणासाठी केंद्रीय मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्य ठाणे तेव्हा नागपूरला होते. पण सल्लागार तयार करण्यावर जेवढा पैसा आणि बुद्धी खर्च झाली, तिच्या पासंगालाही खात्यातल्या प्रतिनिधीचे शिक्षण पुरलेले नाही. मजूर संघटनेचे कार्य-अभ्यासावरचे १९५७ चे पुस्तक आहे. ते साध्या भाषेत आहे, आकृत्या आहेत, गणित पाचवी-सहावीचे. मी ते रद्दीवाल्याकडून घेतले आणि डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले. ज्याला लेथ चालवता येतो त्याला ते समजलेच पाहिजे.

आता तर घड्याळवाला दिसतही नाही. संगणकावर काम करणाऱ्याची प्रत्येक कळ, प्रत्येक नोंदीची वेळ यंत्रात आपोआप उमटते आणि त्या नोंदींवरून कामाची वाट काढून देणाऱ्या प्रणाली निघाल्या आहेत. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतली आपली मुले-मुली त्या नोंदींखालीच बसली आहेत. वाट तशीच सापडते, फक्त वॉटरटाउनच्या ओतकामगाराला समोर उभा माणूस तरी दिसत होता. आणि यंत्राच्या नोंदीत तेवढेच सापडते जेवढे यंत्रावर होते. गिऱ्हाइकाची समजूत घालण्यात गेलेली दहा मिनिटे तेथे 'काम बंद' म्हणून दिसतात.

१९५७ च्या जुलैत पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांनी रॅशनलायझेशनविषयी तीन गोष्टी एकमताने मान्य केल्या होत्या. असलेल्या कामगाराची नोकरी किंवा कमाई जाऊ नये. लाभाची वाटणी समाज, मालक आणि कामगार यांत न्याय्य व्हावी. कामाचा बोजा दोघांना मान्य असलेल्या तज्ज्ञाने ठरवावा आणि कामाची परिस्थितीही सुधारावी. हा कायदा नव्हता, समजूत होती. कायद्यात मिळाली ती एक छोटी गोष्ट : १९५६ साली औद्योगिक कलह कायद्यात ९-अ कलम घातले गेले आणि ज्या सुधारणेमुळे माणसे कमी होण्याचा संभव आहे तिची एकवीस दिवस आधी नोटीस देणे मालकावर आले. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही नोटीस राहिली आहे.

एकवीस दिवस थोडे नाहीत. पुष्कळ संघटना ते निषेधाच्या पत्रकात आणि फाटकावरच्या सभेत घालवतात. सभा घ्यावी, तिला माझी ना नाही. पण पहिल्याच दिवशी सल्लागारांच्या तक्त्याची प्रत लेखी मागावी. ती मिळाली, की प्रत्येक खात्यातल्या एका जाणत्या माणसाने ती हातात धरून त्या वाटेने स्वतः चालावे आणि जेथे तक्त्यात बाण आहे पण पाय अडतात तेथे खूण करावी. कंत्राटी माणसांना विचारावे, झाडूवाल्या बाईला विचारावे, कारण कोणता माल कोठे दिवसेंदिवस पडून असतो हे तिला केरसुणी वळवावी लागते म्हणून ठाऊक असते. आणि एक फेरी रात्रपाळीत करावी. सल्लागार बहुधा दिवसपाळीचा तक्ता काढतात. रात्री स्टोअर बंद असते, प्लॅनिंगला कुलूप असते, चिठ्ठीवर सही करणारे सगळे घरी झोपलेले असतात आणि तरी पहाटे माल निघतो. तो कसा निघतो, ते त्या वेळी तेथे उभे राहूनच पाहावे लागते.